साळुंकीला भरवलेल्या आळ्या

माझी बदली कुडपणला झाली तेव्हा महाडच्या घरात कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. भाऊ म्हणाला, वर हवा छान असते. मग तूच जा की, असं अगदी ओठांवर आलं होतं. मला राग चटकन येतो, आणि वर पठारावर तो काढायला माणूसच नव्हतं. शाळा सुटली की पोरं धूम पळायची. मागे मी आणि धुकं.

खोली मिळाली ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घराला लागून. त्याची बायको त्याच उन्हाळ्यात वारली होती आणि घरात तो एकटाच. परड्यात मधमाश्यांच्या दोन पेट्या, ओटीवर पिंजऱ्यात एक साळुंकी. बायकोनं तिला पिल्लू असल्यापासून हातानं भरवून वाढवलं होतं. ही साळुंकी म्हणे हुबेहूब म्हातारीच्या आवाजात हाक मारायची, ‘आवो, जेवाया या.’ म्हणे, कारण मी ते कधी ऐकलं नाही. म्हातारी गेल्यापासून पाखराचं बोलणं बंद झालं होतं आणि आता खाणंही. भात ठेवा, केळं ठेवा, ढुंकून बघायची नाही. पिसं फुगवून कोपऱ्यात बसून असायची. त्या बाईचा साधा फोटोसुद्धा घरात नव्हता. ‘ही मेली ना बाई, तर तिचा आवाज पन गेला,’ म्हातारा मला म्हणाला.

भर पावसात एका पेटीतल्या माश्या उठून गेल्या. उघडून बघितलं तर पोळ्याला कीड. सगळीकडे जाळी, आणि जाळीत मेण खाऊन माजलेल्या पांढऱ्या लुसलुशीत आळ्या. शी! मला शिसारीच आली. म्हातारा ते पोळं चुलीत घालायला घेऊन निघाला, आणि पिंजऱ्यावरून जाताना साळुंकीनं मान वर केली. मीच म्हटलं, थांबा बाबा, एक देऊन तर बघू. त्याचे हात कापायचे, आळी काही चिमटीत राहीना. शेवटी झुरळ बघून खोली सोडणाऱ्या मी ती उचलून गजांतून आत धरली. साळुंकीनं ती मटकन गिळली आणि पुन्हा चोच वासली.

तेव्हापासून भरवायचं काम माझ्याकडे आलं. पोळं चुलीत गेलंच नाही, त्यातल्या आळ्या डब्यात ठेवलेल्या असत. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मी पिंजऱ्यापाशी बसायची आणि भरवता भरवता तोंडाचा पट्टा सोडायची. हेडमास्तर, पाऊस, पत्र न पाठवणारा भाऊ, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. ती मान वाकडी करून ऐकायची. खोटं कशाला सांगू, इतकं माझं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

पण तिला चटकच लागली. आळी सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावेना. डबा रिकामा व्हायला आला, आणि एक दिवस बघते तर म्हातारा किडलेल्या पोळ्याची चौकट चांगल्या पेटीत सरकवतोय. त्या पेटीत आधीच माश्या जेमतेम राहिल्या होत्या. मी भडकलेच. अहो, अक्कल गहाण टाकलीत का, उरल्यासुरल्या माश्याही जातील की! त्यानं शांतपणे झाकण बसवलं. ‘जाऊंद्यात. त्यांना कुठं बोलाया येतंय.’

माश्या गेल्या. आळ्या मात्र मुबलक झाल्या. पाऊस ओसरेपर्यंत साळुंकी तुकतुकीत झाली, शिट्ट्या घालायला लागली, कुत्र्याला बोलवायची म्हाताऱ्याची चुचकारसुद्धा उचलली तिनं. फक्त ती हाक नाही. म्हातारा रोज तिच्यासमोर बसून म्हणायचा, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. त्या घोगऱ्या आवाजात ते कसंतरीच वाटायचं.

मग एका संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला, खाली बघत. ‘माझ्याकडनं ती हाक घेत नाय. बाईमानसाचा आवाज पायजे. तुमी म्हना ना, बाई.’

मला लाज वाटली, रागही आला. माझं लग्न झालं नव्हतं, होईलसंही दिसत नव्हतं. असं ‘आवो’ मी कोणाला म्हटलं नव्हतं. त्यानं शिकवलं, ‘आवो’ लांबवायचं, ‘या’ जरा वैतागून तोडायचं. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो परड्यात निघून गेला.

मी चिमटीत आळी धरली आणि म्हटलं. साळुंकी आळीकडे बघत राहिली. पुन्हा म्हटलं, काही नाही. मग मात्र मी चिडले आणि जोरात हाक दिली, ‘आवो, जेवाया या!’

मागून आवाज आला, ‘आलो.’

पाय धुतल्याचं पाणी वाजलं. हात पुसत तो आत आला, सवयीनं चुलीकडे वळला आणि थांबला. चूल पेटलेलीच नव्हती. त्यानं माझ्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा मी कोणाला तरी जेवायला हाक मारली होती, आणि तो आला होता. माझ्या चिमटीत नुसती आळी वळवळत होती.