मावशींचा नवा मॉनिटर

टकटक मावशींना दिसत नाही, हे दवाखान्यात झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्या टेबलांवर नवे मॉनिटर आले तेव्हा त्यांच्याही टेबलावर एक ऐसपैस मॉनिटर आणून ठेवला. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आता बोला!

लहानपणी तापात मावशींची नजर गेली. आईनं रडून घेतलं आणि लेकीला टायपिंगच्या क्लासला घातलं. तेव्हापासून या बाईनं पोटासाठी कुणापुढे हात पसरला नाही. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकायचे आणि टाइप करायचे, हे त्यांचं काम; टकटक हे नावही त्यावरूनच पडलेलं. टाइप केलेला शब्द न् शब्द कॉम्प्युटर त्यांच्या हेडफोनमध्ये वाचून दाखवायचा, तोही अशा वेगानं की दुसऱ्याला नुसती बडबड वाटावी.

मॉनिटर आला आणि त्याच दुपारी हेडफोन मुका झाला. आवाज गेला म्हणजे मावशींचा अख्खा कॉम्प्युटरच गेला.

दुरुस्तीवाला आला. "मावशी, आवाज चालू आहे की! ही हिरवी पट्टी कशी नाचतेय, बघा."

"कुणाला बघ म्हणतोस रे?"

त्यानं जीभ चावली. मग हेडफोन बदलला, कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू केला, शेवटी जुनं साउंड कार्ड काढून नवं बसवलं. आवाज नाही तो नाहीच. "लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचं हे असंच असतं," म्हणून त्यानं हात वर केले. आपल्याला कळलं नाही हे कबूल करायची लाज वाटली की माणसं बिचाऱ्या लिनक्सच्या नावानं खडे फोडतात.

दवाखान्याचे साहेब मधाळ आवाजात म्हणाले, "मावशी, आता कशाला ही दगदग? टायपिंगला दुसरी मुलगी घेऊ. तुम्ही दाराशी बसा, येणाऱ्याजाणाऱ्याशी गोड बोला. पगार तोच."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी भावाला सांगितलं, तर तो म्हणतो, "बरंच झालं की ताई! बसून पगार."

"मी काय शोभेची बाहुली आहे?" मावशी कडाडल्या. आपलं काय चुकलं ते भावाला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब नव्या मुलीला आणि दुरुस्तीवाल्याला घेऊनच आले. "मावशी, सामान आवरता ना?"

"माझं सामान म्हणजे हा गळ्यातला हेडफोन. हे डबडं माझं नाही, आधी ते उचला!" असं म्हणून मावशींनी मॉनिटरला असा धक्का दिला की दुरुस्तीवाल्यानं धावत येऊन तो झेलला. मागची वायर मात्र निसटली.

आणि मावशींच्या गळ्यातला हेडफोन बडबडायला लागला.

दुरुस्तीवाल्यानं कपाळावर हात मारला. "अरेच्चा! मॉनिटर जोडल्यापासून सगळा आवाज या वायरीतून त्यालाच जात होता. आणि याला तर स्पीकरच नाही!"

मावशींचे डोळे भरून आले. रागानं की आनंदानं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी घसा साफ केला. "चला, झालं एकदाचं. पण मावशी, मॉनिटर परत जोडून घेऊ हं. त्याशिवाय टेबल बरं दिसत नाही."

"दाराशी शोभेला कुणीतरी हवं होतं ना, साहेब?" मावशी म्हणाल्या. "मग याला बसवा." आणि हेडफोन कानांवर चढवून त्या टाइप करू लागल्या.