चढावर थांबणारी गाडी

आमच्या गाडीला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे तिच्यात बसल्यावर नको ते सगळं ऐकू येतं. हौद्यातल्या पेंडीच्या गोणी सरकतात ते, टायरखाली खडी दबते ते, आणि पावसाळ्यानंतर मागच्या चाकांपाशी सुरू झालेला टक् असा एक आवाज. गाडी चालवणारी माझी मुलगी ॲक्सिलरेटरवर पाय जोरात दाबते तेव्हाच तो येतो. एकदाच येतो, मग गाडी चढू लागते. मी खिडकीबाहेर बघत राहतो.

ही विजेवरची पिकअप मुलीने तिची आई गेल्यावर घेतली. माझ्या बायकोच्या छातीत दुखू लागलं तेव्हा वर आमच्या गावात, कुडपणात, एकही गाडी नव्हती. मुलगी पोलादपुरात होती. तिने ओळखीच्या एकाला त्याची जुनी डिझेल पिकअप काढायला लावली आणि त्याच्या शेजारी बसली. हौद्यात कुणाचं तरी सिमेंट होतं. उतरवण्यात वेळ जाईल म्हणून तसेच निघाले आणि उभ्या चढाच्या वळणावर गाडीने मान टाकली. शेवटी सिमेंट तिथेच उतरवावं लागलं. गाडी घरी पोहोचली तेव्हा मी हिचा हात धरून पडवीत बसलो होतो. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता मुलगी सकाळी गावचं दूध महाडला नेते आणि येताना पेंड, किराणा, गॅसच्या टाक्या आणते. रिकाम्या घरात बसवत नाही म्हणून मीही जातो. परत येताना त्या वळणावर ती गाडी थांबवते. कारण नसताना, भरल्या गाडीला अगदी उभं करते. मग हँडब्रेक सोडता सोडता पाय तळापर्यंत दाबते. गाडी उसळून निघते.

“चढते,” ती म्हणते.

“चढते,” मी म्हणतो. याहून जास्त बोलणं त्या जागी आमच्यात कधी झालं नाही.

टक् ऐकू येऊ लागल्यावर मीच हट्ट धरून तिला बिरवाडीच्या गॅरेजात नेलं. मेकॅनिकने मागचं चाक उचलून हाताने हलवून पाहिलं. मोटर ठीक होती, बॅटरीही. चाक फिरवणाऱ्या एक्सलचे दाते झिजले होते. डिझेलच्या गाडीत जोर हळूहळू चढतो, क्लच थोडा सरकतो आणि धक्का पचवतो. इथे पाय दाबला की सगळा जोर त्याच क्षणी लोखंडावर येतो, आणि तोही ओझ्यासकट, चढावर, असं त्याने समजावलं. मग मुलीकडे वळून म्हणाला, “ताई, ही गाडी हाय, घोडं नाय. टाचा मारून नका उठवू.”

ती हसली. नवा एक्सल यायला वेळ लागणार होता, तोवर जपून चालवा, असं त्याने बजावलं. दुसऱ्या दिवशी ती वळणावर थांबलीच.

तेव्हापासून माझी झोप उडाली. शेजारच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि तिला खाली न्यायला हीच गाडी ठरली होती. गाडी ऐनवेळी दगा देणार नाही ना, याची खात्री करून घेण्यासाठी मुलगी थांबत होती, आणि त्या खात्रीपायीच एक्सल झिजत होता. मला हे दिसत होतं. पण तो चढ मी कुठल्या तोंडाने तिच्यापासून काढून घ्यायचा?

एका दुपारी एक्सल तुटला, त्याच वळणावर. आवाज फार मोठा झाला नाही. मोटर फिरत राहिली आणि गाडी मागे सरकू लागली. मुलीने ब्रेक धरला, मी उतरून चाकामागे दगड लावला. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली होती. गाडी ओढत खाली नेली. नवा एक्सल येईपर्यंत मी शेजारच्या अंगणात रोज डोकावत होतो. सून अंगणात दिसली की बरं वाटायचं.

एक्सल बसवून आम्ही बिरवाडीहून पोलादपूरपर्यंत आलो आणि शेजारणीचा फोन आला. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. घाट लागला. वळण जवळ आलं तसा तिचा पाय सैल झाला. गाडी मंदावली. त्या दिवशीसुद्धा ती थांबणार, हे मला कळलं.

“तुझी आई इथे नव्हती गो,” मी म्हणालो. “ती वर होती, माझ्यापाशी. पडवीत.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी जवळजवळ उभी राहिली होती. मग तिने पाय हळूच ठेवला, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करावा तसा, आणि आम्ही न थांबता वळण पार केलं. मी कान देऊन होतो. टक् झालं नाही.

सुनेला आम्ही वेळेत महाडला पोहोचवलं. तिला मुलगी झाली.

त्यानंतर आमची गाडी त्या चढावर थांबलेली नाही. नव्या एक्सलवर भरली गाडी तिथे थांबून पुन्हा निघेल की नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. वळण आलं की मी अजून दरवाजाची मूठ घट्ट धरतो, आणि ती पुढे बघत सावकाश गाडी काढते.