त्रास व्हायच्या आधी

"ते गळ्यातलं काढा."

डॉक्टर मॅडम माझ्या आईशी पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच. वर न बघता.

पुण्यात नदीकाठच्या आमच्या वस्तीत इस्पितळाची गाडी आली होती. आत एक्स-रे काढायचं यंत्र. बाहेर कापडी फलक: कॅन्सर लवकर शोधा, जीव वाचवा. फलकाच्या एका कोपऱ्यात इस्पितळाचं नाव, दुसऱ्या कोपऱ्यात एका आयटी कंपनीचं. खर्च कंपनीचा. मी सातवीत होते. आईला चिकटून रांगेत उभी.

आईनं मंगळसूत्र मुठीत धरलं. "आज नाई काढत जी. माहा माणूस गाडी घेऊन घाटात हाय."

बाप भंगाराचा टेम्पो चालवायचा. तो रस्त्यावर असला की आई गळा मोकळा ठेवत नसे. आम्ही मूळचे वऱ्हाडातले. तिकडं मंगळसूत्र उतरवायची वेळ आलीच, तर बाई दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधते. मग चालतं. देव कोपत नाही, सासू बोलत नाही. आणि हळकुंड म्हणजे काही लोखंड नव्हे, यंत्राचंही काही अडत नाही. आई तेच म्हणाली. "घर जवळच हाय. हळकुंड बांधून येतो जी."

"का? मुहूर्त काढलाय?" मॅडम म्हणाल्या. "नेक्स्ट."

गाडीतली माणसं फिदीफिदी हसली. आई पळत घरी गेली. घरात हळदीची पूड होती, हळकुंड नव्हतं. दुकानदार दुपारचा झोपलेला. शेवटी शेजारच्या कौसल्यामावशीकडे एक सापडलं. ही मावशी आमच्याच गावची, आईबरोबर काम करणारी. आईनं दोरा बांधला आणि धापा टाकत परत आली, तोवर रांग मोडली होती. मागच्या बायकांच्याही गळ्यात मंगळसूत्रं होती. त्या मुकाट्यानं घरी गेल्या होत्या.

मॅडम दार लावत होत्या. आईच्या गळ्यातलं हळकुंड त्यांना दिसलं.

"वरातीमागून घोडं," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

गाडी गेली. आई तिथंच उभी. तिच्या तोंडावर जी लाज होती ती मी अजून विसरलेले नाही. लाज कोणाला वाटायला हवी होती आणि वाटली कोणाला! दुसऱ्या दिवशी पेपरात गाडीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, वस्तीतील महिलांमध्ये जागृतीचा अभाव.

जागृती म्हणे.

पुण्यात तेव्हा काचेच्या इमारती उगवत होत्या. आत नवे कॉम्प्युटर जायचे, जुने आमच्याकडे यायचे. पेट्यांवर त्याच कंपनीची चिकटपट्टी. फलकाच्या कोपऱ्यातलंच नाव. आई आणि कौसल्यामावशी तारांचा ढीग करून पेटवायच्या. वरचं प्लास्टिक जळायचं, आत तांबं राहायचं. तांबं विकलं जायचं, पार कसबा पेठेतल्या तांबटांपर्यंत जायचं. धूर मात्र आमच्याकडेच राहायचा. काळा, चिकट, गोडसर. तो केसांत बसायचा, भाकरीत बसायचा. सकाळी आई थुंकायची ती थुंकी काळी असायची.

मी तुटक्या कीबोर्डांशी खेळायचे. इंग्रजी अक्षरं मी त्यावर शिकले. शाळेत बाईंनी अक्षरं ओळीनं म्हणायला सांगितली. मी छाती काढून म्हटलं, "क्यू, डब्ल्यू, ई, आर." वर्ग हसला. बाईही हसल्या. माझ्या घरी अक्षरांची ओळ तीच होती, त्याला मी काय करणार?

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आईचा खोकला थांबेना. मग खोकल्यातून रक्त आलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "मिश्री किती वर्षं लावता?"

"नाई लावत जी. कधीच नाई."

"सगळ्या असंच म्हणतात." धुराबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का?" आणि सगळ्या तपासण्या होऊन फुप्फुसाचा कॅन्सर निघाल्यावर माझ्यावरच डाफरला. "इतक्या उशिरा आणतात होय? आधी काय झोपला होता?"

आई गेली. तिला न्हाऊमाखू घालताना बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्यवान होती. भाग्यवान! माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या वयाच्या बायका पर्वतीवर फिरायला जातात या शहरात.

मी शिकले. चिडून शिकले. आणि लागले कुठं, तर त्याच कंपनीत. लोक म्हणाले, पोरीनं नाव काढलं. मी म्हटलं, अजून काही काढायचं बाकी आहे. काय ते मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं.

कंपनीत दर वर्षी सगळ्यांची तपासणी व्हायची. रक्त, छाती, पोट, सगळं. कोणाला काही झालेलं नसताना. थंडगार हॉल, मऊ सोफे, तपासणी झाली की उपमा आणि कॉफी. इस्पितळ तेच. तपासणी विभागाच्या प्रमुख त्याच मॅडम. केस पांढरे झाले होते, बोलणं तसंच तोडून. त्यांनी मला ओळखलं नाही. मी ओळखलं.

एक्स-रेच्या खोलीत माझ्या पुढे आमची टीम लीड होती. नवं लग्न, गळ्यात मंगळसूत्र. ती जराशी घुटमळली. सिस्टर लगेच म्हणाल्या, "अहो, काळजी करू नका मॅडम." त्यांनी ड्रॉवर उघडला. आत दोरे होते. स्वच्छ, पांढरे, प्रत्येकात एक हळकुंड ओवलेलं. "मंगळसूत्र काढा, तोवर हा बांधा. कुणाच्या मनाला लागायला नको."



"हे कधीपासून ठेवता, सिस्टर?"

"पहिल्यापासून. मॅडमचीच पद्धत आहे. फार बारीक लक्ष असतं त्यांचं."

"वस्तीत गाडी जाते, तिच्यातही ठेवता?"

सिस्टरना प्रश्नच कळला नाही. "गाडीत? तिथं कशाला?"

म्हणजे मॅडमना माहीत होतं. हळकुंड का लागतं, कोणाला लागतं, सगळं माहीत होतं. अडाणी आम्ही नव्हतो. माझी आई चुकीचं काही मागत नव्हती. तिनं जे पळत जाऊन आणलं, ते यांच्या ड्रॉवरमध्ये ढिगानं पडलं होतं, आणि ते आमच्यासाठी नव्हतं. इतकी वर्षं मी आईच्या त्या दोऱ्यावर मनातल्या मनात चिडत आले होते. त्या खोलीत माझ्या रागाला खरा पत्ता सापडला.

मी एक्स-रे न काढताच बाहेर पडले. तडक वस्तीत गेले. कौसल्यामावशी अंगणात तारा सोलत बसली होती. आईइतकीच वर्षं तिनं तो धूर गिळला होता. खोकला नव्हता. ताप नव्हता. अजून.

"मावशी, शनिवारी तपासायला चल."

"मले काहून व पोरी? मी त धट्टीकट्टी हाय."

"म्हणूनच चल."

कंपनीत एचआरला विचारलं, माझ्या आईच्या जागी मावशीची तपासणी होईल का. पालकांचीही सोय होती. एचआरवाली गोड हसली. "त्या तुमच्या मदर नाहीत ना. पॉलिसीत बसत नाही." ठीक आहे. मग पॉलिसीत नको, सोफ्यावर बसू.

शनिवारी आमच्या सगळ्या मोठ्या साहेबांची तपासणी होती. मी मावशीला नेलं. तारा जाळणाऱ्या आणखी बायका नेल्या. आम्ही त्या मऊ सोफ्यांवर बसलो, साहेबांच्या मधोमध. एकानं नाक मुरडून आपली बॅग उचलली. वॉचमन आला. मी गळ्यातलं कंपनीचं कार्ड दाखवलं, तो गोंधळला. मग मॅडम आल्या.

"यांना काय त्रास होतोय?"

"काही नाही."

"मग कशाला आणलंत?"

"त्रास व्हायच्या आधी आणलंय. या साहेबांना आणतात तसं."

मी उठून उभी राहिले. आवाज चढवला. "या साहेबांचे जुने कॉम्प्युटर या बायका जाळतात. साहेबांनी तो धूर एकदाही हुंगलेला नाही, त्यांची तपासणी दर वर्षी. या रोज हुंगतात. यांची कधी?"

"हे असं चालत नाही. अपॉइंटमेंट घ्यावी लागते."

"आम्ही बसतो. तुमच्या गाडीसमोर माझी आईपण उभी होती. तुम्ही तिच्या तोंडावर दार लावलंत. हे दार लावून बघा, सगळ्यांसमोर."

त्यांतले एक साहेब कॉफीचा कप खाली ठेवून पुटपुटले, "मॅडम, बघा ना काहीतरी." त्यांना आमची दया आलेली नव्हती. चार लोकांत शोभा होत होती. चालेल. लाजेनं दिलेली तपासणीही तपासणीच असते.

सगळ्यांना आत घेतलं. मावशीच्या छातीत एक डाग दिसला. पुन्हा बोलावलं, मोठ्या यंत्रात घातलं, तुकडा काढून तपासला. तोच रोग. पण बारीक, एका जागी, काढून टाकता येण्यासारखा. मॅडमनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं. आवाज बराच मऊ होता.

"वेळेवर आणलंत."

मावशी रडत हात जोडायला लागली. मी तिचे हात खाली केले.

वेळेवर. म्हणजे वेळ असते. म्हणजे आईलाही होती. ती दोरा बांधून धापा टाकत आली होती, तेव्हाही कदाचित होती.

मी मॅडमचे आभार मानले नाहीत. माफही केलं नाही, करणारही नाही. दर वर्षी, बरोबर साहेबांच्या तपासणीच्या दिवशी, धूर गिळलेली एकेक बाई मी त्या सोफ्यावर आणून बसवणार आहे. नोकरी राहो की जावो. आणि दर वर्षी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून एकच विचारणार आहे: माझ्या आईची वेळ कुणी घालवली? त्यांनी मान खाली घातली तरी विचारणार. त्या रिटायर झाल्या, तर त्यांच्या खुर्चीत जो बसेल त्याला विचारणार.