एक तार, दोन नंबर

नालासोपाऱ्याजवळच्या गास गावी माझ्या सासरी दोन भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा विहिरीच्या पाळ्या, केळीची वाडी, मोगऱ्याचे वाफे, इतकंच काय पाटा आणि वरवंटासुद्धा वाटून झाला. पाटा इकडे आला, वरवंटा तिकडे गेला. अडलं ते टेलिफोनपाशी.

माझे सासरे धाकटे. त्यांना मी बाबा म्हणायचे. थोरल्यांना मोठे बाबा. दोघांनी ओटीच्या मधोमध विटांची भिंत घातली आणि एकमेकांशी बोलणं टाकलं. त्यामुळे भांडण थांबलं असं नव्हे. ते आता इतरांमार्फत चालायचं. मी घरात नवी, विरारच्या फुलपाड्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून आलेली. कुणाच्याच बाजूची नाही म्हणून मी दोघांनाही फार सोयीची होते.

फोनचं यंत्र आमच्या भिंतीवर होतं, म्हणून बाबा म्हणायचे फोन आमचा. नंबर वडिलांच्या नावावर आलेला, म्हणून मोठे बाबा म्हणायचे तो थोरल्याचा. दुसरी लाइन मागावी तर खात्याकडे आमच्या खांबावर जागा नव्हती. शेवटी माझ्या नवऱ्याने आयएसडीएन नावाच्या सेवेचा तोडगा काढला. तार तीच राहणार, तिच्या टोकाला एक पेटी बसणार, पेटीतून दोन फोन निघणार आणि दोघांना वेगळे नंबर मिळणार. इंटरनेटही जोरात चालेल, हे त्याने घरात कुणाला सांगितलं नाही.

"तार एकच म्हणतोस, मग ती कोणाची?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"टेलिफोन खात्याची," नवरा म्हणाला.

यावर दोघा भावांचं समाधान झालं. दुसऱ्याची नाही, एवढं पुरे होतं.

पेटीचं खरं नाव टर्मिनल अॅडॉप्टर. ती भिंतीच्या माथ्यावर, अगदी मधोमध बसवली. टेपने मापून. तिची सेटिंग्ज कॉम्प्युटरवरून करायची होती आणि मी नालासोपाऱ्याला एका क्लासात कॉम्प्युटर शिकवत होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पेटी कोरी करायला तिच्या मागच्या भोकातलं बटण दाबायचं होतं. सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून दिला. भिंतीच्या टोकाशी मोठी आई, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई, उभ्या राहून बघत होत्या.

कोणता नंबर कोणत्या फोनवर वाजवायचा, हे ठरवायला दोघं भाऊ अंगणात खुर्च्या टाकून बसले. खुर्च्यांच्या पाठी एकमेकांकडे होत्या.

"सूनबाई, त्यांना सांग, जुना नंबर माझ्याकडे वाजेल," मोठे बाबा म्हणाले.

"सूनबाई, त्यांना सांग, मी मेल्यावर," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, जुना नंबर दोन्हीकडे वाजवता येईल. दोघंही एकदम "नाही" म्हणाले. वाटणीनंतरचं त्यांचं हे पहिलं एकमत. दुसरंही लगेच झालं: दोघांनी नवे नंबर घ्यायचे आणि जुना पेटीत घालायचाच नाही. म्हणजे जगाने तो फिरवला तर जगाला रिंग ऐकू येईल, आमच्याकडे मात्र कुठेच घंटा वाजणार नाही. असा न्याय मी आधी पाहिला नव्हता, पण मी नवी सून होते. घातलं तसं सेटिंग.

आता चाचणी. पेटीतल्या पेटीत, एका फोनवरून दुसऱ्या फोनला रिंग देता येत होती. मी इकडचा रिसीव्हर सासूबाईंच्या हातात दिला आणि फोनवरचं ताऱ्याचं बटण आणि मग एक दाबला. पलीकडे घंटा वाजली. मोठ्या आईंनी फोन उचलला.

कुणीच बोलेना. भिंत झाल्यापासून या दोघींनाही बोलायची बंदी होती.

"बोला काहीतरी," मी म्हटलं. "आवाज येतो का ते बघायचंय."

सासूबाईंनी अंगणाकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, "जाऊबाई, वांग्यात सुकट घातली होती का काल?"

"घातली होती," पलीकडून आवाज आला. भिंतीवरूनही आला आणि फोनमधूनही. "वास आला का?"

"आला. जेवण गेलं नाही मला."

मी बराच वेळ थांबले. शेवटी आत जाऊन भात टाकला. चाचणी चालूच होती.

त्यानंतर घराला एक नवा त्रास सुरू झाला. दुपारी बाहेरून फोन लागेना. फूलवाल्यांना बाबांचा फोन एंगेज, मोठ्या बाबांचाही एंगेज. प्रत्येकाने ठरवलं की ही दुसऱ्याची करणी. दोघांनीही खात्याकडे तक्रारी केल्या. लाइनमन आला, खांबावर चढला, उतरला, चहा प्यायला आणि लाइन ओके असल्याचं सांगून गेला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, कारण आमच्याकडचा चहा चांगला होता.

मला कारण ठाऊक होतं. दुपारी पुरुष वाडीत गेले की दोघी आपापल्या कोपऱ्यात फोन घेऊन बसायच्या. त्यांच्यात दीड विटेचं अंतर होतं. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

एक दिवस मोठे बाबा कोयता विसरला म्हणून परत आले. मोठी आई फोनवर हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"कुणाचा फोन?"

"पलीकडचा," त्या म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळी मला दोन्हीकडून बोलावणं आलं. हुकूम एकच: आतला फोन बंद कर. मी बंद केला.  त्या दिवशी सासूबाईंचं वालाचं बिरडं खारट झालं, दुसऱ्या दिवशी आळणी.

मग एका सकाळी, बाबा दाढी करत असताना, फोन वाजला. पलीकडचाही वाजला. दोन्ही एकदम, कधी नव्हे ते. बाबा तोंडाला फेस तसाच घेऊन धावले. पलीकडे मोठ्या बाबांच्या चपलांचा आवाज आला. बाबांनी आधी उचलला.

"हॅलो."

"मेलास की काय तू?" आवाज एवढा मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. ती आत्या होती. दोघांची थोरली बहीण, जूचंद्रला दिलेली. "इतके महिने फोन करतेय. रिंग जाते, उचलत कुणी नाही. मला टाकलंत दोघांनी?"

"अगं, नंबर बदलला..."

"मला कुणी सांगितलं?"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं थोरल्याने सांगितलं असेल. थोरल्याला वाटलं होतं धाकट्याने.

"तो कुठाय? दे त्याला."

बाबांना प्रश्न पडला. फोन द्यायचा तर हाक मारावी लागणार. ते माझ्याकडे बघू लागले, पण मी तेवढ्यात दूध बघायला वळले होते. शेवटी भिंतीला तोंड करून ते ओरडले, "ताई आहे फोनवर!"

मोठे बाबा आमच्या ओटीवर आले. आल्यावर त्यांनी बनियन सारखं केलं आणि रिसीव्हर घेऊन तेवढ्याच शिव्या उभ्याने खाल्ल्या. बाबा बाजूला उभे राहिले. फेस मानेवरून खाली आला होता. आत्या रडत होती, तेही ऐकू येत होतं.  मोठे बाबा खाली बघत परत गेले.

मी पेटी तपासली. सगळी सेटिंग्ज पुसून गेली होती. पेटी पुन्हा कोरी. नंबरच घातले नसल्यामुळे जुना-नवा कुठलाही फोन दोन्हीकडे वाजत होता आणि आतला फोनही सुरू होता. माथ्यावर पेटीशेजारी एक केसांचा आकडा पडला होता. सासूबाई खुशाल लसूण सोलत होत्या.

"वीज गेली होती पहाटे," त्या म्हणाल्या. वीज गेल्याने ही पेटी कोरी होत नाही, हे मला ठाऊक होतं. मी आकडा उचलून त्यांना दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "माझा नव्हे हा." पलीकडे कुणीतरी खोकलं.

दुपारी मोठ्या बाबांनी मला बोलावलं. नंबर परत घालू का, असं मी विचारलं. त्यांनी खूप विचार केल्यासारखं केलं.

"राहू दे," ते म्हणाले. "ताई पुन्हा फोन करेल. तेव्हा कुठे उचलला नाही तर ती रिक्षा करून येईल."

बाबांचंही तेच मत पडलं, फक्त त्यांनी तो स्वतःचा निर्णय असल्याचं सांगितलं.

भाऊ काही बोलू लागले नाहीत. विहिरीवरची पंपाची पाळी मात्र त्या तारेवरून ठरू लागली. मोठे बाबा मोठ्या आईंना सांगायचे, त्या फोनवर सासूबाईंना, सासूबाई बाबांना. बाबांना भिंतीतून ते आधीच ऐकू गेलेलं असायचं, पण सासूबाईंनी सांगेपर्यंत ते पेपर वाचत बसायचे.

पुढे खात्याने ती सेवा बंद केली. लाइनमन पेटी काढायला आला, तो आता पिकल्या केसांचा झाला होता. आत्या गेली, तेव्हा दोघं भाऊ एकाच गाडीतून जूचंद्रला गेले, एक पुढे, एक मागे. आता दोघांकडे मोबाइल आहेत आणि घराचा एक ग्रुप आहे. मोठे बाबा सकाळी त्यावर गुलाब पाठवतात. थोड्या वेळाने बाबा त्याहून मोठा गुलाब पाठवतात. दोघी जावांनी कसं करायचं ते मला विचारून तो ग्रुप म्यूट केला आहे आणि दुपारी त्या मागच्या पडवीत एकाच खाटेवर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडतात.