वाटाण्याची पावडर

शिरूर कासारच्या आमच्या जिममध्ये एक पोरगा रोज यायचा. घरचा धंदा शेळ्यांचा, पण हा मटण सोडा, अंडंही खायचा नाही. वाटाण्याची प्रोटीन पावडर पाण्यात घुसळून नाक दाबून प्यायचा आणि लगेच आरशात दंड बघायचा.

“कावून एवढा तरास? मटण खा की बे,” मी एकदा म्हणालो.

“ज्यांला हातानं पाला चारला, त्यांलाच कसं खाऊ?”

गेल्या उन्हाळ्यात त्याची गाभण शेळी विहिरीत पडली. दोर धरून तो खाली उतरला आणि तिला पाठीशी बांधून एकटाच वर चढून आला. कळताच आम्ही जिममधले शाबासकी द्यायला धावलो, तर हा तिच्या पोटाला कान लावून बसलेला.

“करडू हलतंय बे,” म्हणाला आणि आमच्यासमोरच रडायला लागला.