संक्रांतीला न दुखलेला हात

आमच्याकडं संक्रांतीला आणि पंचमीला कासार घरी येई. सगळ्यांत आधी आई माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, बांगड्या भरायला बसवी. बांगडी घट्टच हवी, हा आईचा हट्ट. कासार ताईचा पंजा दाबून, चुरगाळून बांगडी मनगटात सारी. एका वर्षी संक्रांतीला ताई हसत बसली होती. पंचमीला मात्र तिनं किंकाळी फोडली.

"संक्रांतीला चूं केलं नाय, अन् आजच काय झालं गं? लई नाटकी हाये ही," आई सगळ्यांसमोर म्हणाली.

कधी दुखतं, कधी नाही, म्हणजे खोटंच, हा आईचा न्याय. पाळी तोंडावर आली की वेणी घालतानाही ताईच्या डोळ्यांत पाणी येई, हे आम्हा बहिणींना ठाऊक होतं. पण आमचं ऐकतंय कोण! 'नाटकी' चिकटलं ते चिकटलंच. मग ताईनं रडणंच सोडलं. पुढच्या पंचमीला ती ओठ दाताखाली धरून बसली, तर आईनं कौतुक केलं, "आता शहाणी झाली." त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो.

लग्न होऊन ती गंगापूरला गेली. एकदा तिचं पोट दुखायला लागलं. महिन्याचंच असेल, असं समजून ती स्वयंपाक करत राहिली, कुणाला काही बोलली नाही. चुलीपुढं कोसळली तेव्हा सासरच्यांनी जीप करून शहरात आणली. अपेंडिक्स आत फुटलं होतं. ताई वाचली नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी आईची पाळी गेली आणि तिचं अंग ठणकू लागलं. साधी बांगडी चढवतानाही ती कळवळे. मी तिला डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

"अंगातले बायकी हार्मोन कमी झाले की काही जणींना दुखणं जास्त जाणवतं," बाई म्हणाल्या.

आईनं विचारलं, "तरण्या पोरीला बी व्हतं का असं?"

"होतं की. पाळीच्या आधी हार्मोन उतरतात, तेव्हा काहींना साधा धक्काही सहन होत नाही. एरवी त्याच पोरीला काही वाटणार नाही."

आम्ही घरी आलो. मी बाईंनी दिलेली दुखण्याची गोळी आणि पाणी पुढं केलं. तिनं हात मागं घेतला.

"नगं. दुखू दे," ती म्हणाली. "खरं बोलत व्हती गं माझी लेक."