दार बंद झालं नाही तर?

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे पणराव म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. लहानपणी त्याला म्हटलं, चल, बागेत जाऊ, की चपला घालता घालता हा विचारायचा, "पण ताई, बाग बंद असली तर?" बंद असली तर परत येऊ. "पण येताना तू दमलीस तर?" आता त्याचे केस पिकले, चष्मा जाड झाला, पोटही सुटलं, तो 'पण' मात्र सुटला नाही.

लोक त्याच्या या स्वभावाला हसायचे. मी हसले तरी त्याचा फायदाही करून घेतला. मी नाटकात कामं करायचे. एका प्रयोगात रंगमंचावरचा फोन ऐन वेळी वाजलाच नाही. बाकीचे नट पांढरेफटक पडले. मी शांतपणे रिसीव्हर उचलला आणि म्हणाले, "मीच लावते, ह्याची वाट पाहत बसले तर म्हातारी होईन." टाळ्या पडल्या. ते वाक्य ऐन वेळी सुचलेलं नव्हतं. पणरावाने आदल्या दिवशी विचारलं होतं, फोन वाजला नाही तर?

तर हा पणराव एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. लिफ्टच्या वर एक लोखंडी पेटी असते. दार कधी उघडायचं, कुठे थांबायचं, हे सगळं ती ठरवते, आणि त्या पेटीला शहाणपण शिकवायचं काम ह्याचं. हे शिकवायला हे लोक संगणकाच्या ज्या भाषा वापरतात, त्यांतली ह्याची भाषा फारशी कुणाला ठाऊक नाही. त्याच्या एका प्राध्यापकांनी ती घडवली. ते गेले, त्यांचे शिष्य पांगले. माझ्या मोठ्या बुद्धीला कळलं ते एवढंच, की ही भाषा हुज्जत घालते. तुम्ही लिहिलं, 'दार बंद कर', की ती अडून बसते: आणि बंद झालं नाही तर? त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय ती पुढे पाऊल टाकू देत नाही. म्हणजे तिच्या रूपाने ह्याला जन्माची जोडीदारीणच मिळाली. माझी भावजय तिला उघडउघड 'माझी सवत' म्हणते.

"वन्सं, सवत परवडली," ती म्हणायची. "ती निदान कधीतरी माहेरी गेली असती."

गेल्या वर्षी कंपनीच्या साहेबांनी पणरावाला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मुलाखतीला आलेली मुलं भाषेचं नाव ऐकून उठून जातात. आपण एकट्यानेच किती काळ हिला पोसायचं? मोठी कॉन्फरन्स भरतेय, तिथे जा. एक तरी दुसरी कंपनी जोडीला आण, आपण ही भाषा ठेवू. नाहीतर सगळं नेहमीच्या भाषेत नव्याने लिहून घेऊ."

पणराव थेट माझ्याकडे आला. पंचवीस वर्षांचं काम ओंजळीत घेऊन आल्यासारखा सोफ्याच्या काठावर टेकला.

"ताई, मला लोकांसमोर बोलता येत नाही."

"मग मी कशाला आहे?" मी पदर खोचला.

महिनाभर माझ्या खोलीत तालमी चालल्या. समोर चार माणसं बसली की ते नाटकच, हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं. कुठे थांबायचं, पाण्याचा घोट कधी घ्यायचा, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे कसं बघायचं, सगळं बसवून घेतलं. त्याने वाटण्यासाठी एक पत्रक छापून आणलं होतं. वाचून मी कपाळाला हात लावला. अर्धं पान भाषेची ओळख आणि अर्धं पान 'या भाषेच्या मर्यादा'!

"अरे, मुलगी दाखवताना तिचे दात पुढे आहेत हे कुणी आधी सांगतं का?"

"पण लग्नानंतर दिसणारच ना."

मी हात टेकले.

कॉन्फरन्सचा हॉल म्हणजे काय थाट! प्रकाशयोजना अशी, की आमच्या नाटकमंडळीला जन्मात परवडली नसती. एकेका स्टॉलवर टोप्या वाटत होते, कुठे यंत्राचा हात पाहुण्यांना कॉफी देत होता. आमचा स्टॉल सगळ्यांच्या मागे, स्वच्छतागृहाच्या दाराशी. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि लिफ्टची एक जुनी पेटी. सकाळभर आमच्याकडे पुष्कळ माणसं आली. सगळ्यांनी एकच विचारलं, पुरुषांचं कुठलं? पणराव प्रत्येकाला वाट दाखवायचा आणि हातात पत्रक द्यायचा. परत येताना ती पत्रकं बहुतेकांच्या हातात नसायची. आत ती कशासाठी वापरली असतील, हे मी त्याला बोलले नाही.

त्याचं भाषण जेवणानंतर. नाटकवाल्यांना विचारा, ही वेळ म्हणजे शिक्षा. प्रेक्षक भरपेट जेवून गारठलेल्या खोलीत बसलेले. मी शेवटच्या रांगेत बसले. साहेब तिसऱ्या रांगेत.

आणि काय सांगू, माझा भाऊ उभा राहिला! आम्ही बसवलं तसंच, घोटभर पाणी पिऊन, शेवटच्या रांगेकडे बघत म्हणाला, "तुमच्यापैकी लिफ्टमध्ये कोण कोण अडकलंय?" हात वर झाले. कुणीतरी आपल्या सासूबरोबर अडकल्याचं सांगितलं, खोली हसली. मग त्याने पडद्यावर आपली भाषा दाखवली. मुद्दाम एक ओळ पुसली आणि चालवायला सांगितलं. भाषा अडली. पडद्यावर तिचा प्रश्न उमटला: दार बंद झालं नाही तर? लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब मागे वळून माझ्याकडे बघून हसले. पडदा तिथेच पाडायचा असतो.

पण एका बाईंनी हात वर केला. रुग्णालयांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत त्या मोठ्या हुद्द्यावर होत्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या भाषेत काय जमत नाही?"

उभ्या आयुष्यात त्याला आवडीचा प्रश्न कुणी विचारला असेल, तर तो हाच. त्याचा चेहरा असा उजळला, की मी पर्समधून रुमाल काढून ठेवला. त्याने पाढा वाचायला सुरुवात केली. मोठी माहिती आली की ती मंदावते. अमुक जातीच्या यंत्रावर ती चालतच नाही. चुका सांगते, पण इतक्या एकदम सांगते की माणूस गांगरतो. एकेका मर्यादेला तो उदाहरण देत होता, आणि त्या उदाहरणाला अपवाद. खुर्च्या करकरायला लागल्या. माणसं वाकून, माफी मागितल्यासारखी दाराबाहेर सटकू लागली. साहेब स्वतःचे बूट न्याहाळत होते. मी मागून रुमाल हलवला. 'आवर' म्हणायची आमची तालमीतली खूण. त्याला ती दिसली.

"हो ताई, संपवतो," तो माईकवर म्हणाला. "पण एकच राहिलं."

संपलं तेव्हा खोलीत मी, साहेब, माईकवाला आणि त्या बाई. माईकवाल्याला जाता येत नव्हतं.

संध्याकाळी स्टॉल आवरत होतो, तर त्या बाई आल्या. पणरावाने सवयीने स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं.

"नाही, मी तुमच्याकडेच आलेय," त्या म्हणाल्या. "दोन दिवस ऐकतेय, सगळ्यांचं सगळं जमतं. काय जमत नाही ते सांगणारे तुम्ही एकटेच निघालात. आमच्या यंत्रांना असंच हुज्जत घालणारं काहीतरी हवंय. मला पटलंय. आता वरच्यांना पटवायचं." त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "ते एकच विचारतील. काही अडलं आणि तुम्ही आजारी असलात, तर मी फोन कुणाला करायचा?"

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याला सांगता आलं असतं, परदेशात माणसं आहेत. होतीही. एकाने हे काम सोडलं होतं, दुसरा हल्ली उत्तर देत नव्हता. सांगता आलं असतं, नवी मुलं तयार करतोय. मी मनातल्या मनात त्याला वाक्य पुरवत होते, जन्मभर विंगेतून ऐकली तशी.

त्याने चष्मा काढून पुसला.

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "मी एकटाच उरलोय."

बाईंनी पत्रकाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि त्याच्याशी हात मिळवला. "मग मला जमणार नाही हो," त्या म्हणाल्या. आवाजावरून कळत होतं, त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

परतताना मी टॅक्सीत फुटले. "जरा सावरून नाही का बोलता येत? एकदा, एकदाच!"

"ताई, रुग्णाच्या यंत्राचा प्रश्न होता. त्यांनी फोन केला आणि मी नसलो, तर?"



साहेबांनी शब्द पाळला, म्हणजे सगळं नव्याने लिहायला काढलं. जुनं वाचता येणारा दुसरा कुणी नसल्यामुळे ते समजावून सांगायचं काम पणरावाकडेच आलं. रोज सकाळी डबा घेऊन जायचा आणि आपलीच भाषा ओळीओळीने पुसून यायचा. भावजय आता तिला सवत म्हणत नाही. "जेवताना बोलत नाहीत हो, वन्सं," एवढंच म्हणाली. "'पण' म्हणायचेसुद्धा बंद झालेत."

माझ्या इमारतीची लिफ्ट त्यांच्याच कंपनीची. पेटी बदलायला माणसं आली, त्या दिवशी पणराव 'सहज आलो' म्हणून माझ्याकडे येऊन बसला. चहा निवला तरी त्याचं लक्ष जिन्यातल्या ठाकठोकीकडे. माणसं गेल्यावर म्हणाला, "चल, खाली जाऊन येऊ."

माझे गुडघे गेलेत. काठी टेकत दारापासून लिफ्टपर्यंत जायला मला वेळ लागतो. आजवर ते दार माझ्यासाठी थांबायचं. एकदा काठी मध्ये आली की ते ओळखायचं, माणूस सावकाश आहे, आणि पुढच्या वेळी जास्त थांबायचं. मला वाटायचं, सगळ्याच लिफ्ट अशा असतात.

मी पोचेपर्यंत दार मिटत आलं, तशी मी काठी मध्ये घातली. ते उघडलं. मी पाऊल उचललं, तोवर ते परत सरकू लागलं. पुन्हा काठी, पुन्हा तेच, आणि मग कर्कश भोंगा वाजू लागला. पणरावाने पुढे होऊन दोन्ही हातांनी दार धरलं. भोंगा वाजतच होता.

"नव्या भाषेत हे थांबणं नाही का लिहिता येत?" मी ओरडून विचारलं.

"येतं ना."

"मग?"

"मी लिहून दिलं होतं. नवी भाषा अडून विचारत नाही, त्यामुळे राहून गेलं कुणाकडून तरी." दार त्याच्या खांद्याला ढुशा देत होतं. "तू ये आत. सावकाश ये."